आळीपाळीने शिकलेली माणसे

चाळिशीतल्या बाईने बी.ए.चा फॉर्म भरला, की आपल्या मोहल्ल्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘अब इस उमर में पढ के क्या करना है?’ घरात मराठी बोलली जात असेल तर तोच प्रश्न ‘आता शिकून कलेक्टर व्हायचंय का?’ असा येतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. शिक्षणाचा एक क्रम त्याने गृहीत धरलेला असतो. सहाव्या वर्षी शाळा, सोळाव्या वर्षी दहावी, एकविसाव्या वर्षी पदवी, मग नोकरी, निकाह, संसार. ज्याचा हा क्रम मोडला त्याची गाडी सुटली, असे आपण मानतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये हा क्रम सरळ पार केलेले शिक्षक थोडेच आहेत. कोणी बारावीनंतर डी.एड. करून नोकरीला लागले आणि बी.ए. बाहेरून केले. कोणी दोन मुले झाल्यावर बी.एड.ला बसल्या. शिपाईमामांनी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली. माझी पदवीही नोकरी लागल्यानंतरची, मुक्त विद्यापीठाची. म्हणजे ज्यांना आपण अपवाद समजतो, तेच आमच्याकडे बहुसंख्य आहेत.

ही माणसे पुन्हा का शिकतात? वर्तमानपत्रे याचे उत्तर एका शब्दात देतात: जिद्द. दहावीच्या निकालानंतर आई आणि मुलगा एकदमच पास झाल्याची बातमी दरवर्षी कुठेतरी छापून येते. जिद्द असतेच, पण ती पहिल्या वेळीही होती. तेव्हा ती पुरली नाही आणि आता पुरली, याचा अर्थ मधल्या काळात आणखी काहीतरी घडले. इतिहास पाहिला तर प्रौढ माणूस वर्गात परततो तेव्हा तीन गोष्टी जुळून आलेल्या दिसतात. त्याला शिक्षणाची गरज नव्याने भासलेली असते. त्याच्या कामाची वेळ सोडून वर्ग भरवणारे कोणीतरी उभे राहिलेले असते. आणि तो वर्गात बसलेला असताना त्याच्या वाट्याचे काम दुसऱ्या कोणीतरी उचललेले असते. पहिल्या गोष्टीविषयी आपण बोलतो. दुसरीची नोंद संस्थांच्या अहवालांत सापडते. तिसरी मात्र बहुधा कुठेच लिहून ठेवलेली नसते. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

मदिनेतील एक वहिवाट

मोठ्या वयात शिकण्याला आपल्याकडे नवे मानण्याचे कारण नाही. प्रेषितांच्या (स.) काळात ज्यांनी इल्म मिळवला त्यांतले बहुतेक प्रौढ होते. कोणी व्यापारी, कोणी बागाईत करणारे, कोणी मजूर. मस्जिद-ए-नबवीतील सुफ्फा हे विद्यार्थ्यांचे ठिकाण होते आणि तिथे राहणारे विद्यार्थी मोठी माणसे होती.

‘सहीह बुखारी’च्या इल्मविषयक भागात हजरत उमर (रजि.) यांनी सांगितलेली एक हकिकत आहे. ते मदिनेच्या वरच्या भागात राहत. तिथून रोज प्रेषितांकडे येणे कामधंद्यामुळे जमत नसे. म्हणून त्यांनी आपल्या एका अन्सारी शेजाऱ्याबरोबर आळीपाळी ठरवली. एक दिवस शेजारी जायचा, दुसऱ्या दिवशी उमर जायचे. जो जाई तो त्या दिवशी जे ऐकले ते परतल्यावर दुसऱ्याला सांगे. इमाम बुखारींनी या हकिकतीला जो मथळा दिला आहे, तोच मुळी इल्मसाठी पाळी लावण्याविषयीचा आहे.

या हकिकतीवर मी बराच विचार केला आहे. त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. काम सोडता येत नाही हे दोघांनी मान्य केले आहे आणि शिकणे सोडायचे नाही हेही ठरवले आहे. तोडगा निघाला तो दोघांच्या भागीदारीतून. आज ज्याला आपण अर्धवेळ शिक्षण म्हणतो, त्याचे मर्म याहून वेगळे नाही. त्या अन्सारी शेजाऱ्याचे नाव सामान्य वाचकाला आठवत नाही, पण त्याच्याशिवाय ती व्यवस्था चाललीच नसती.

दिवसा कामगार, रात्री विद्यार्थी

महाराष्ट्रात कष्टकऱ्यांसाठी रात्रीचा वर्ग म्हटले की जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे नाव आधी घ्यावे लागते. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली हे सर्वांना माहीत असते. १८५५ मध्ये त्यांनी आपल्या घरी शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाच्या शाळेत या म्हणण्यात अर्थ नसतो, हे त्यांनी ओळखले होते.

जोतीरावांना हे उमजले याचे एक कारण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होते. वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले होते. पुढे शेजारचे उर्दू-फारसीचे शिक्षक मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिट साहेब नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ यांनी गोविंदरावांचे मन वळवले, तेव्हा १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. तोपर्यंत त्यांचे लग्नही झालेले होते. शाळा सुटून शेतात गेलेला मुलगा परत वर्गात आला, म्हणून पुढचा सगळा इतिहास घडला. एका मुन्शीने शेजाऱ्याच्या दारात जाऊन दोन शब्द सांगितले, एवढेच त्याचे काम. पण ते त्या वेळी कोणीतरी करायला हवे होते.

याच वर्तुळातल्या फातिमा शेख. फुले दांपत्याला घर सोडावे लागले तेव्हा त्यांना उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला आणि फातिमा सावित्रीबाईंच्या शैक्षणिक कामात सहभागी झाल्या. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या, तेव्हाचे १० ऑक्टोबर १८५६ चे त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. आपण नसल्याने फातिमावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भरवसा त्या पत्रात दिसतो. एकजण खाली बसली की दुसरीने उभे राहायचे, ही आळीपाळी तिथेही होतीच. फातिमांविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिलेले उरले आहे. जे उरले आहे, त्यातली ही एक ओळखीची खूण.

पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या आणि कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये ‘सोशल सर्व्हिस लीग’ स्थापन केली. या संस्थेने कामगार वस्त्यांत रात्रीचे वर्ग, वाचनालये चालवली. मुंबईच्या रात्रशाळांची परंपरा अशा प्रयत्नांतून रुजली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी रात्रशाळेची गरज संपली नाही. विद्यार्थी बदलले. गिरणीतल्या जॉबरच्या हाताखालच्या पोराच्या जागी हॉटेलात कपबशा धुणारा, जरीचे काम करणारा, कुरिअर पोहोचवणारा मुलगा आला.

मात्र एका ठिकाणी जुळलेले घड्याळ दुसऱ्या ठिकाणी जुळतेच असे नाही. मालेगावचे उदाहरण घ्या. तिथला यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतो आणि आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. मुक्त शिक्षणाची संपर्कसत्रे बहुधा रविवारी भरतात. कोऱ्या कागदावर पाहिले तर ही सोय नोकरदारासाठीच आहे. पण लूमवर उभ्या असलेल्या माणसाला रविवार हा कामाचाच दिवस असतो. त्याने शिकायचे तर रविवारी त्याच्या लूमवर दुसऱ्याने उभे राहायला हवे. इथेही प्रश्न अखेर बारीचाच येतो.

घरात आलेला वर्ग

रात्रशाळा पुरुषांना उपयोगी पडली. पण दिवसा घराबाहेर पडणेच ज्यांना अवघड, त्या बायका रात्री कुठून बाहेर पडणार? याचे उत्तर मुंबईत कुलसुम सयानी यांनी शोधले.

त्यांचा जन्म १९०० सालचा. एका डॉक्टरशी लग्न झाले, घर सुखवस्तू होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुस्लिम वस्त्यांतल्या बायकांना शिकवण्याचे काम हाती घेतले. पडद्यातल्या बायका वर्गात येणार नाहीत, तर वर्गानेच घरात जावे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. शिक्षिका घरोघर जात. एखाद्या घरात पाच-सहा बायका जमल्या की तोच वर्ग. मुंबई शहरासाठी प्रौढ शिक्षण समिती १९३९ मध्ये स्थापन झाली आणि त्या कामाशीही कुलसुमबेन जोडल्या गेल्या.

त्यांच्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट मला शिक्षिका म्हणून अधिक महत्त्वाची वाटते. अक्षर ओळखू लागलेल्या बाईला वाचायला काही मिळाले नाही तर ती सहा महिन्यांत पुन्हा निरक्षर होते. म्हणून १९४० मध्ये त्यांनी ‘रहबर’ हे पाक्षिक काढले. सोपी हिंदुस्तानी भाषा आणि नागरी, उर्दू, गुजराती अशा तीन लिप्या. नवशिक्या वाचणाऱ्याला झेपेल अशा मजकुराचे हे पाक्षिक वीस वर्षे, १९६० पर्यंत चालले. कुलसुम सयानींना १९५९ मध्ये पद्मश्री आणि १९६९ मध्ये नेहरू साक्षरता पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे चिरंजीव अमीन सयानी यांचा आवाज सारा देश ओळखत असे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा सगळीकडे ‘बिनाका गीतमाला’च्या आठवणी निघाल्या. लहानपणी आईच्या ‘रहबर’च्या कामात आपण हातभार लावायचो आणि सोप्या हिंदुस्तानीचा संस्कार तिथलाच, असे ते सांगत. मुस्लिम मोहल्ल्यातल्या बायकांना वाचता यावे म्हणून सोपी केलेली भाषा पुढे रेडिओवरून घरोघर पोहोचली. आईचे नाव मात्र आपल्या मुलींच्या पाठ्यपुस्तकांत शोधावे लागते.

सकाळचे कॉलेज

शाळेच्या पुढचा टप्पा कॉलेजचा. नोकरी करणाऱ्याला पदवी कशी मिळावी, या प्रश्नाला मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हात घातला. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. कॉलेजचे वर्ग सकाळच्या वेळी भरत. सकाळी लेक्चर ऐकून दहा-अकराला कचेरी गाठता येई. कारकुनी करणारे, टपाल खात्यात, रेल्वेत असलेले कितीतरी तरुण त्यामुळे पदवीपर्यंत पोहोचले. फी भरण्यासाठी नोकरी हवी आणि नोकरीत पुढे जाण्यासाठी पदवी हवी, अशा पेचात सापडलेल्या माणसासाठी वेळापत्रकातला हा बदल फार मोठा होता.

बाबासाहेब स्वतः अर्धे शिक्षण सोडून आलेले आणि पुन्हा परत गेलेले विद्यार्थी होते. लंडनमधला अभ्यास सुरू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना भारतात परतावे लागले. बडोद्याला जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. मग १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने पैसे घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा ते २९ वर्षांचे, संसारी गृहस्थ होते. १९२३ मध्ये ते परतले ते एम.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन.

त्या तीन वर्षांत मुंबईचे घर रमाबाईंनी चालवले. पैसा तुटपुंजा, पदरात मूल, आणि नवरा सातासमुद्रापार अभ्यास करतो आहे. बाबासाहेबांच्या लंडनच्या अभ्यासाविषयी आपण वाचतो तेव्हा ब्रिटिश म्युझियममधले त्यांचे वाचनाचे तास मोजतो. ते तास ज्या घराने उपलब्ध करून दिले, त्या घरातले तासही मोजायला हवेत.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी हीच गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेची ‘कमवा आणि शिका’ ही योजना म्हणजे काम आणि शिक्षण एकाच आवारात आणण्याचा प्रयत्न होता. पण ती मुख्यतः तरुण विद्यार्थ्यांसाठी होती. संसारात पडलेल्याला आवारात राहायला जाता येत नाही.

मधेच बदललेली भाषा

प्रौढपणी पुन्हा शिकावे लागण्याचे एक कारण महाराष्ट्राच्या इतर भागांत फारसे बोलले जात नाही. मराठवाड्यात ते घरोघर घडले. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठवाड्यातली हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतली मुले उर्दूतून शिकली, वकील झाली, कचेऱ्यांत लागली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. कचेरीची भाषा बदलली, विद्यापीठातले उर्दू माध्यमही गेले. ज्यांचे शिक्षण व्यवस्थित पूर्ण झाले होते, अशा माणसांनाही पुन्हा नव्या लिपीत, नव्या भाषेत अर्ज लिहायला शिकावे लागले. आळस किंवा गरिबी यांचा इथे संबंध नव्हता. राज्य बदलले आणि शिकलेला माणूस एका रात्रीत कमी शिकलेला ठरला.

घरात राहून उर्दूतून परीक्षा देण्याचा एक मार्ग तेव्हा होता, तो जामिया उर्दूचा. १९३९ मध्ये आग्र्यात सुरू झालेली ही संस्था पुढे अलीगढला गेली. तिच्या अदीब, अदीब-ए-माहिर, अदीब-ए-कामिल या परीक्षांना बाहेरून बसता येई. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या ट्रंकेत ही सर्टिफिकिटे घडी घालून ठेवलेली असतात. या परीक्षांची मान्यता कुठे, किती, हा वाद वेगळा. ज्या बाईने चूल सांभाळून इकबाल आणि हाली यांचा अभ्यास केला, तिच्या दृष्टीने ती परीक्षा खरी होती.

उर्दूतून विद्यापीठीय शिक्षण घेण्याची राष्ट्रीय पातळीवरची सोय त्यानंतर थेट जानेवारी १९९८ मध्ये झाली. संसदेच्या कायद्याने हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ सुरू झाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या विद्यापीठाने कामाला सुरुवात केली ती दूरशिक्षणाने. नियमित वर्ग नंतर आले. उस्मानियातले उर्दू माध्यम संपल्यापासून मधे पन्नास वर्षे गेली होती आणि वाट पाहणारे विद्यार्थी आता विशीतले नव्हते. कोणी मदरशात शिकवत होते, कोणी दुकान चालवत होते, कोणी आजी झाल्या होत्या.

पोस्टाने आलेले विद्यापीठ

दूरशिक्षणाची सुरुवात आपल्याकडे पोस्टाने झाली. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये ही सोय केली. नोट्सचा जाडजूड लिफाफा पोस्टमन घेऊन येई. हैदराबादला १९८२ मध्ये देशातले पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आता ते डॉ. आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले. आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले.

मुक्त विद्यापीठाने महाराष्ट्राला काही नवे शब्द दिले: अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र, स्वयंअध्ययन. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवून विद्यापीठाने अर्धवट राहिलेल्या शिक्षणाला जोडरस्ता बांधला. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. कुलसुमबेनची शिक्षिका मोहल्ल्यात जात असे, त्या विचाराचेच हे मोठे रूप म्हणता येईल.

पण उर्दू माध्यमातून आलेल्यासाठी या गंगेत उतरण्याआधी एक पायरी जास्त असते. दहावीपर्यंत इतिहास उर्दूत शिकलेली बाई बी.ए.ला बसते तेव्हा तोच इतिहास तिला मराठीत लिहावा लागतो. ‘बगावत’ म्हणजे उठाव आणि ‘मईशत’ म्हणजे अर्थव्यवस्था, हे तिला माहीत करून घ्यावे लागते. विषय येतो, शब्द येत नाहीत. वर्गात बसणाऱ्या मुलाला हे शब्द कानावर पडून कळतात. बाहेरून बसणाऱ्याला पुस्तकातूनच कळतात, आणि पुस्तक उघडायला रात्रीचे अकरा वाजतात. मी बी.ए. करत असताना एका वहीत दोन रकाने आखले होते, उजवीकडे उर्दू शब्द, डावीकडे मराठी. ती वही माझ्यानंतर चार जणींनी वापरली. अशा वह्या गावोगावी असतील.

देशभरात दूरशिक्षण घेणाऱ्यांची संख्या लहान नाही. उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये एकूण ४.१४ कोटी विद्यार्थ्यांपैकी ४५.७१ लाख दूरशिक्षणात होते, आणि त्यांत २०.९ लाख मुली-स्त्रिया होत्या. त्याच सर्वेक्षणात मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या २१ लाखांवरून १९.२१ लाखांवर उतरलेली दिसते. ते करोनाचे वर्ष होते. कमावता हात थांबला की आधी कोणाची फी थांबते, ते या आकड्यात दिसते. त्याआधी २००६ मध्ये सच्चर समितीने दाखवून दिले होते, की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविका मिळवलेले सुमारे ७ टक्के असताना मुस्लिमांत हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी आहे. पहिल्या फेरीत इतके लोक बाहेर पडले असतील, तर दुसरी फेरी ही चैन राहत नाही. समाजाच्या शिक्षणाचा तो मुख्य रस्ताच होतो.

कायद्याने पाठवलेले विद्यार्थी

सगळेच ओढीने परततात असेही नाही. काहींना कायदा पाठवतो. २०१७ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात अप्रशिक्षित शिक्षकांना प्रशिक्षण पूर्ण करण्यासाठी ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत मिळाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या डी.एल.एड.ला तेव्हा देशभरातून तेरा लाखांहून अधिक शिक्षकांनी नावे नोंदवली. दिवसा फळ्यासमोर, रात्री मोबाइलवर पाठ ऐकत.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेबाबत निकाल दिला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, अशा कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे त्यात म्हटले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. निकाल आला त्या आठवड्यात स्टाफरूमचा रंगच बदलला. बालमानसशास्त्राची पुस्तके पुन्हा बाहेर निघाली. पंधरा-वीस वर्षे मुलांना शिकवलेल्या बाई दहावीतल्या मुलीकडून गणिताची युक्ती समजून घेऊ लागल्या. अशा सक्तीतून काय साधते, हा वादाचा विषय आहे. पण एक गोष्ट मी रोज पाहते. पुरुष शिक्षक शाळा सुटल्यावर अभ्यासिकेत जातात. बायका आधी घरी जातात, स्वयंपाक करतात, धुणे वाळत घालतात आणि मग पुस्तक उघडतात. परीक्षा एकच, अभ्यासाचे तास मात्र सारखे नाहीत.

बारी कोणाची?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. माणसे मोठेपणी का परततात? पगाराची श्रेणी वाढावी म्हणून परततात. नोकरी टिकावी म्हणून, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून, नवरा गेल्यावर घर चालवायचे म्हणून परततात. राज्याची भाषा बदलली म्हणूनही परतली. आणि काही केवळ यासाठी येतात, की पंधराव्या वर्षी कोणीतरी त्यांच्या हातातले पुस्तक काढून घेतले होते आणि ते त्या विसरल्या नाहीत. ही सगळी कारणे खरी आहेत. पण कारण असलेली सगळीच माणसे परतत नाहीत. ज्यांच्यासाठी कोणी बारी लावून घेतली, ती परततात.

म्हणून ‘या वयात शिकून काय करणार’ या प्रश्नाऐवजी आपण दुसरा विचारायला हवा: ही शिकते तेव्हा तिचे काम कोण करणार? याचे उत्तर घरात आधी द्यावे लागते. परीक्षेच्या महिन्यात सासूने नातवंडे सांभाळणे, नवऱ्याने रविवारचा स्वयंपाक करणे, मोठ्या मुलाने धाकट्याला मदरशात सोडणे, यांत कमीपणा कोणालाच नाही. हजरत उमरांनी शेजाऱ्याशी जे केले, ते नवऱ्याने बायकोशी करायला काय हरकत आहे?

थोडे मोहल्ल्यातही करता येईल. उर्दू शाळांच्या खोल्या रविवारी बंद असतात. मालेगाव-भिवंडीसारख्या ठिकाणी शुक्रवारी जुम्माच्या नमाजनंतर त्या रिकाम्याच असतात. तिथे दोन तास अभ्यासवर्ग चालवता येईल. आपल्या जमातीच्या संस्था हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देतात, त्यांत एखादी चाळिशीतल्या विद्यार्थिनीच्या परीक्षा फीसाठी ठेवता येईल. उर्दू-मराठी शब्दांची माझ्यासारखी वही चार जणींपुरती न राहता छापून निघाली, तर बी.ए.ला बसणाऱ्या प्रत्येकीचे वर्ष वाचेल. आणि मुन्शी गफ्फार बेगांसारखे कोणाच्या तरी दारात जाऊन दोन शब्द सांगण्याला तर पैसेही लागत नाहीत. जून-जुलैत प्रवेशाचे फॉर्म सुटतात. तोवर आपापल्या गल्लीत कोणाचे शिक्षण कुठे अडले आहे आणि तिच्या वाट्याचे कोणते काम आपल्याला उचलता येईल, एवढे विचारून ठेवले तरी सुरुवात होईल.